सासऱ्यांनी आंगणात पाय ठेवला तो नाताळ

"ओ जवाई, खाली उतरा! बैल बिथरला, पोरगं गव्हाणीत आहे. उतरा म्हंतो ना!"

ओरडत होते माझे सासरे. आमच्या फाटकाबाहेर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खुर्चीवर चढून. आणि मी होतो मोहाच्या फांदीला टांगलेल्या खाटेवर, जमिनीपासून वीस फूट वर. अंगात जरीचा झगा, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, आणि खाटेला चारही बाजूंनी जुन्या गादीतला कापूस चिकटवलेला. म्हणजे तो ढग होता. बायको म्हणते, सात फूट. पण ती खालून बघत होती, आणि उंची ही वर बसलेल्यालाच कळते.

तेवीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं मला एकदाही 'जवाई' म्हणून हाक मारली नव्हती. मारली तेव्हा मी देव झालो होतो आणि मला खाली येता येत नव्हतं.

हे कसं झालं ते सांगतो. खरं तेवढंच सांगतो. जिथं हात थोडा सैल सुटेल तिथं बायकोचा आकडा शेजारी ठेवतो, म्हणजे तक्रार नको.

आमचं गाव केशोरीच्या वाटेवर. बोअरमधून मोटरी वर काढायच्या, त्यांचं वाइंडिंग भरायचं आणि परत खाली सोडायच्या, हा माझा धंदा. पण तरुणपणी माझी ओळख वेगळी होती. दंडारीत, आमच्याकडच्या रात्रीच्या खेळात, सोंग काढावं तर मीच. माझा आवाज असा होता की इथं बोललो तर तिकडं सडक अर्जुनीच्या ढाब्यावर ट्रकवाले ब्रेक दाबायचे. एका वर्षी मी सोंग काढलं ते पलीकडच्या गावच्या एका बड्या कास्तकाराचं. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी तलाव बांधले. त्या तलावाच्या पाळीवर हे दोन्ही हात पाठीमागं बांधून चालायचे, मधेच थांबून पाण्याचा वास घ्यायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, पानी हाय. एवढंच. मी ते केलं. चार गावं हसून हसून लोळली. दोन म्हाताऱ्यांच्या कवळ्या पडल्या त्या दुसऱ्या दिवशी सापडल्या. आणि तो कास्तकार स्वतः पहिल्या रांगेत बसला होता, हे मला सोंग संपल्यावर कळलं.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीनं मला पसंत केलं. हा माझ्या आयुष्यातला एकमेव चमत्कार, ज्याचा आकडा बायकोलाही कमी करता येत नाही.

आम्ही ख्रिस्ती, आजोबांपासून. गावात आठ घरं, प्रार्थना माझ्याच आंगणात. लोकांना वाटलं, सासरे धर्मावरून बिनसले. तसं नव्हतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले होते की देव ज्याचा त्याचा, त्यात आपण पडत नाही. पण त्या तोंडाळ माणसाच्या आंगणात मी पाय ठेवणार नाही. धर्म त्यांनी माफ केला होता. नक्कल नाही.

शब्दाचे पक्के. तेवीस वर्षं नाही ठेवला. पण दरवर्षी धान चुरून, म्हणजे मळून, झालं की मेव्हण्याचा ट्रॅक्टर फाटकाशी येऊन उभा राहायचा, आणि त्यात चिन्नोर तांदळाची पोती. तलावाला लागून एक बांधी, धानाचा एक तुकडा, त्यांनी फक्त मुलीसाठी राखली होती. त्यातला दाणा विकायचा नाही, घरीही शिजवायचा नाही. तो तांदूळ चुलीवर चढला की वास असा सुटायचा की हायवेवरून रायपूरला निघालेली माणसं देवरीलाच उतरून चौकशी करायची. बायको मात्र पोतं उघडायची, ओंजळ भरून नाकाशी न्यायची आणि तिथंच बसून राहायची. पोटभर तांदूळ आणि डोळे फाटकाकडं. मी विनोद करायचो. तिला हसू यायचं नाही.

त्या वर्षी आमच्या मुलीचं बाळंतपण आमच्याकडं झालेलं. तीन महिन्यांचा नातू. म्हणजे सासऱ्यांना पणतू. तो त्यांनी अजून पाहिला नव्हता. मेव्हणा पोती उतरवायला लागला तसं बायकोनं पहिलंच पोतं अडवलं आणि भावाला सांगितलं, "बाबाले सांग, तांदूळ लय झाले. आता तू ये म्हना."

उत्तर चार दिवसांनी आलं. नाताळला नाटक ठेवत असाल तर पाहायला येईन. फाटकाबाहेरून.

आता आमच्या झाडीपट्टीतला माणूस. तो भाऊबंदकीत बोलणं सोडेल, सोयरीक तोडेल, पण नाटक सोडणार नाही. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, रात्ररात्र खेळ चालतात. त्यांच्याशी रात्री कोण टक्कर घेणार. म्हणून आम्ही नाताळचं नाटक दुपारी ठेवलं. आणि मी ठरवलं की सासऱ्यांना ट्रॉलीतून ओढून आंगणात आणेल असा ट्रिक सीन करायचा. ट्रिक सीन म्हणजे आमच्याकडं नाटकाचा जीव. आणि आमच्या मुलखात नाटकातला देव वरूनच येतो. चालत आलेल्या देवाला लोक बसायला सांगतात, पाणी देतात. पाया पडत नाहीत.

बोअरची मोटर वर काढायची चैनकप्पी माझ्याकडं होतीच. ती मोहाच्या फांदीला बांधली, साखळीला खाट अडकवली, खाटेला कापूस लावला. दोनशे फुटांवरून मोटर आणतो मी, देवाला आणायला काय लागतं?

आमचे पाळक देवरीहून बसनं येतात. किडकिडीत माणूस, आवाज इतका हळू की माइकसुद्धा पुढं वाकून विचारतो, काय म्हणालात. त्यांनी खाट बघितली आणि विचारलं की हे काय. मी सांगितलं: देवाचा पुत्र स्वर्ग सोडून ढगावरून येतो, गडगडाट होतो, तो सगळ्यांना आशीर्वाद देतो, टाळ्या होतात, पडदा.

ते म्हणाले, "भाऊ, तो असा नाही आला. नऊ महिने पोटात राहून आला."

"पाळकसाहेब, पोटात राहण्याला टाळ्या पडत नाहीत."

"नाही पडल्या," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले. चुकणाऱ्याला चुकू देतात ते. त्यांच्या स्वभावातला हा एक दोषच आहे.

दुपारी माणूस लोटला. मी म्हणतो पाच हजार. बायको म्हणते दोनशे, त्यातही बकऱ्या धरून. बायकोनं सकाळीच फाटकाच्या आत पाय धुण्यासाठी पाण्याची बादली आणि गडवा भरून ठेवला होता. सासरे आले. पांढरं धोतर, नवा जोडा. ट्रॅक्टर बरोबर फाटकाच्या तोंडाशी, पण बाहेर. ट्रॉलीत खुर्ची टाकून बसले, हात मांडीवर. बायको फाटकापर्यंत गेली. चल ना बाबा म्हणाली असेल, मी तोवर खाटेवर चढलो होतो, वरून नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मान हलवली. ती पडद्यामागं परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मी ठरवलं की आता मी असा उतरेन की हा माणूस फाटक मोडून आत येईल.

खाली देखावा असा: मधोमध लाकडी गव्हाण, तीत धानाचं तणस, तणसावर नातू. एका अंगाला आमची मुलगी, आईचं लुगडं नेसून, मरिया झालेली. दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा बैल. खरा बैल आणायचा, ही माझीच कल्पना. आणि खुंटा दिसायला वाईट दिसतो म्हणून बैलाचं दावं गव्हाणीलाच बांधायचं, हीसुद्धा. बैल इतका गरीब की माश्यांना जागा करून द्यायचा.

माझ्याबरोबर मोटरी काढणाऱ्या जोडीदारानं साखळी ओढायला सुरुवात केली. ढग हलला. लोकांच्या माना वर झाल्या. मी हात पसरले आणि गरजलो, "मानवा, भिऊ नको. मी येत आहे."

आणि खाट थांबली. कप्पीच्या दातांत कापूस गेला होता.

नट अशा वेळी गडबडत नाही. मी वाक्य पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा. जोडीदार साखळीला लोंबकळला, फांदी करकरली, मी काही येईना. पाचव्यांदा मी येत आहे म्हणालो तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "कवा येतो रे बापा? आमाले घरी काम आहेत."

आंगण हसलं. मला राग आला. मी खाटेवर जोरानं सरकलो, खाट कलंडली, आणि अर्धा ढग सुटून बैलाच्या पाठीवर आणि शिंगांवर पडला.

त्या बैलानं आयुष्यात वैशाखाचं ऊन पाहिलं, पोळ्याचे ढोल पाहिले, पण अंगावर ढग पडलेला पाहिला नव्हता. त्यानं मान हिसडली. त्याच्याबरोबर गव्हाण हिसडली. पुन्हा हिसडली, तशी एका बाजूनं उचलली गेली. मुलगी धावली तर बैल मधे. जोडीदारानं साखळी सोडली असती तर मी खाटेसकट नातवावर कोसळलो असतो, म्हणून त्याला जागचं हलता येईना. लोक भिऊन मागं सरले. बायको पडद्यामागून निघाली पण पडद्याच्या दोरीत तिचा पाय अडकला.

तेव्हा ती हाक आली. ओ जवाई, खाली उतरा.

मी खाली बघत होतो आणि मला एकही वाक्य सुचत नव्हतं. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मुकुट डोळ्यांवर आला होता. तो वर सारला तर ट्रॉली रिकामी.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मागं सरलेल्या लोकांमुळं फाटक उघडेना. ते काट्यांच्या कुंपणातूनच आत घुसले. धोतर टरकन फाटलं. मोरीच्या चिखलात जोडा रुतला तो तिथंच सोडला. त्यांनी ना हातात काठी घेतली ना तोंडानं आरडाओरडा केला. जिभेनं फक्त टकटक असा आवाज काढत ते बैलाच्या अगदी समोर गेले, दोन बोटांत वेसण धरली आणि दुसरा तळवा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. बैल थरथरला आणि उभा राहिला. तसंच वेसण धरून ते वाकले, गव्हाण सावरली, आणि तणसातून पणतू एका हातानं उचलून छातीशी घेतला. हातापायांवर काट्यांचे ओरखडे, त्यातून रक्त.

 आणि तेवढ्यात आमचा नातू पणज्याच्या छातीवर, पांढऱ्या सदऱ्यावरून धोतरापर्यंत, मनसोक्त मुतला.

सासरे त्याच्याकडं बघत म्हणाले, "मूत बापा, मूत. धोतर धुता येते."

बायको तोवर पोचली होती. तिनं बाळ घेतलं नाही. बापाचा बाह्या चढवलेला हात धरला, कोपरापाशी, आणि धरूनच राहिली.

पाळक पुढं आले. माइक घेतला नाही. त्या हळू आवाजातला शब्दन् शब्द मला वीस फुटांवर ऐकू आला. "नाटक इथं थांबवू," ते म्हणाले. "जे सांगायचं होतं ते झालं. इतकी वर्षं देव माणसाकडं पाठवत होता. पाऊस पाठवला, पीक पाठवलं, समजावणारी माणसं पाठवली. पाठवलेलं सगळं चांगलं होतं. पण लेकरू धोक्यात होतं, आणि पाठवून वाचणार नव्हतं. म्हणून तो स्वतः आला. माणसाचं सोंग घेऊन नाही, माणूस होऊन. काट्यांतून आला, आणि त्याचंही अंग फाटलं."

एवढंच. मी तीस वर्षं याच विषयावर भाषणं ठोकत आलो होतो. येशू जन्मला, स्वर्गात घंटा वाजल्या, तारा उगवला, असा घसा फोडून सांगायचो. आणि आता झाडाला टांगलेला असताना मला ते समजलं. वरून "भिऊ नको" म्हणणं सोपं असतं. भिणाऱ्याच्या शेजारी येऊन, त्याच्याइतकं छोटं होऊन, त्याच्याच तणसात पडून राहणं, त्याला भूक लागते ती लागू देणं, तो मरतो तसं मरणं, हे देवानं केलं. आपल्यातली एकही जागा त्यानं घाण म्हणून वगळली नाही. पोटातला अंधार नाही, मूत नाही, ताप नाही, शेवटी थडगंही नाही. ज्या जागी तो शिरला त्या जागेची सुटका झाली. मरणात शिरला, म्हणून मरणाला आतून दार झालं. मी झाडावर रडलो. बायको म्हणते कापूस डोळ्यांत गेला होता. असेल.

जोडीदारसुद्धा साखळी खोडाला बांधून बाळाकडं गेला; मला उतरवायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. दोन तास टांगलेलो होतो. बरं, पाव तास. शेवटी शिडी लावून काढलं. मी झगा सोडला, मुकुट फेकला आणि चिखलानं भरलेल्या त्या अनवाणी पायांवर डोकं ठेवलं. पंचवीस वर्षांची राहिलेली माफी मागायची होती. बोललो ते इतकं हळू की पाळकांनासुद्धा अभिमान वाटला असता. मामाजी, ती नक्कल करायला नको होती.

"नक्कल बराबर होती," ते म्हणाले. "त्याचाच राग होता."

मग बायकोनं बादलीतलं पाणी घेऊन त्यांचे पाय धुतले, ओरखड्यांना हळद लावली. आठ घरांतल्या बायकापोरांनी पेटी काढली, ढोलकी काढली आणि अशी गाणी म्हटली की नवेगावच्या तलावावरचे पक्षी उठून छत्तीसगडात गेले. बायको म्हणते, आवाज हातपंपापर्यंत गेला. जाऊ दे. पण गावातली बाकीची माणसंही घरी गेली नाहीत, टाळ्या देत उभी राहिली, ती वैतागलेली म्हातारी तर नाचली. देव आला, देव आमच्यात आला, एवढंच धृपद, आणि ते पन्नास वेळा. मी त्या दिवशी जिंकलो नव्हतो, तरी जिंकल्यासारखा ओरडत होतो. जिंकला होता तो दुसराच, आणि त्याचं जिंकणं असं की हरलेल्यांनाही त्यात वाटा मिळतो.

संध्याकाळी सासरे आंगणात, त्याच खाटेवर बसून जेवले. चिन्नोरचा भात, वालाच्या शेंगांची भाजी. मांडीवर पणतू झोपलेला. मी समोर जमिनीवर. त्यांनी विचारलं, "आमच्यात अवतार दहा आहेत. तुमच्यात एकच?"

"एकच, मामाजी. पण काम झाल्यावर त्यानं अंग टाकून दिलं नाही. खरोखरचा मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि वर गेला तो हेच अंग घेऊन. हातांवर खिळ्यांचे वण घेऊन. आज देवाच्या बाजूला माणसाचं अंग बसलं आहे."

"मातीचं?"

"मातीचं. आपल्यासारखं. म्हणून आपल्यालाही तिथं जागा आहे."

त्यांनी घास चावला, बराच वेळ चावला. मग म्हणाले, "उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढाचा असला त आमच्या घरी रीत होती. पयली टोपली घरच्या मोठ्यानं डोक्यावर घ्याची. मंग बाकीचे उतरत. पाळीवरून सांगून गाळ निघत नाई." पणतवाच्या अंगावरची माशी त्यांनी हाकलली. "म्हंजे तुमच्या देवानं पयली टोपली उचलली म्हना."

"शेवटची पण त्यानंच, मामाजी."

त्यांनी पुढचा घास घेतला. ते त्यांच्या देवाचे राहिले, मी माझ्या. पण तीस वर्षांच्या माझ्या भाषणांत ती टोपली एकदाही आली नव्हती, आणि आता प्रत्येक नाताळला येते. कुणाची ते मी नाव न घेता सांगतो, नक्कल न करता.

अंधार पडायच्या आत मेव्हण्यानं ट्रॅक्टर चालू केला, फाटकाशी आणला आणि हाक मारली की बाबा, चला, उशीर होऊन राहिला. बायको हातातलं ताट घेऊन उंबऱ्यात उभी.  

सासऱ्यांनी पणतवाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"तू जा," ते म्हणाले. "धान चुरून झाले. तिकडं माहं काय काम आहे."